बिनतारी माईक घेताना कापडवाल्याने काय पाहावे?

घाटकोपर पश्चिमेला आमचे कापडाचे दुकान आहे. २०२० च्या टाळेबंदीत शटर खाली आणि माल आत पडून, अशा दिवसांत पुतण्याच्या आग्रहाने आम्ही मोबाईलसमोर उभे राहून थान उलगडू लागलो. टाळेबंदी उठली, सवय मात्र राहिली. आज अंधेरी असो, मुलुंड असो की बोरिवली, दुपारच्या मंदीच्या वेळी फोन लावून 'लाईव्ह' बसलेला एखादा कापडवाला दिसतोच. गिऱ्हाईक मालेगावला किंवा रत्नागिरीला बसलेले असते. त्याच्या हाताला कापड लागत नाही, रंगही दिव्याप्रमाणे बदलून दिसतो. भाव, पन्हा, धुतल्यावर आटेल की नाही, हे सारे त्याला आमच्या आवाजावरूनच घ्यावे लागते.

मागच्या लग्नसराईत जॉर्जेटचा एक लॉट आम्ही असाच विकायला काढला. भाव सांगितला एकशे साठ रुपये मीटर. अकरा ऑर्डरी आल्या, मिळून ७४ मीटर. पैसे जमा झाले ते एकशे आठच्या हिशोबाने! फोन केला तर एक बाई म्हणाल्या, "भाईजान, तुम्हीच तर एकशे आठ म्हणालात." राग आला. रात्री पुतण्याने रेकॉर्डिंग लावले, तर आमच्याच तोंडून 'आठ' ऐकू आले. मीटरमागे ५२ रुपये, एकूण ३८४८ रुपयांचा खड्डा. कापड आम्ही एकशे आठनेच पाठवले, कारण चूक गिऱ्हाइकाची नव्हती.

चूक कानात घातलेल्या ब्लूटूथ इअरफोनची होती. गाणे ऐकताना तो उत्तम वाजतो. पण त्याचाच माईक चालू झाला की अनेक फोनमध्ये आवाज जुन्या टेलिफोनसारखा अरुंद होतो. टेलिफोनची पट्टी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकी. आपल्या 'स' आणि 'श'चा मोठा भाग त्याच्या वर असतो. तो कापला गेला की 'साठ'चे 'आठ' होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे उस्ताद तलफ्फुजसाठी, म्हणजे उच्चारासाठी, छडी घेऊन बसत आणि 'सीन'चा 'शीन' झाला तर हात पुढे करावा लागे. त्या छडीने साफ केलेला उच्चार आम्ही त्या इअरफोनच्या हवाली केला होता.

तेव्हा माईक घ्यायचाच असे ठरवून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्या दोन दुकानांत सरळ डबा पुढे आला आणि भाव सुरू झाला. तिसऱ्या दुकानातील मुलगा म्हणाला, "चाचा, आधी फोन दाखवा." त्याच्याकडूनच माल घेतला. कारण सांगतो. माईकचे दोन भाग असतात. एक छातीला लावायचा, दुसरा, म्हणजे ग्राहक भाग, फोनला जोडायचा. हा दुसरा भाग फोनच्या तोंडात बसला पाहिजे. बहुतेक अँड्रॉइड फोनना आता टाईप-सी आहे. आयफोनला ते १५ क्रमांकापासून, म्हणजे २०२३ पासून आले. त्याआधीच्यांना लाईटनिंग लागते. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' चालू करावे लागते, आणि काम नसले की ते आपोआप बंद होते. मग माईक बिघडला म्हणून माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. गोल पिनेची वायर असेल तर पिनेवरील काळ्या रेघा मोजाव्यात. फोनला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची कॅमेऱ्यासाठी असते.

आता हवेतल्या रस्त्याबद्दल. मोबाईलसाठी मिळणारे बहुतेक बिनतारी माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्याकडे २००५ साली परवानामुक्त झाला. वायफाय तेथेच, ब्लूटूथही तेथेच. संध्याकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक दुकानाचे वायफाय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन त्याच रस्त्यावर गर्दी करून असतो. डब्यावर १०० किंवा २०० मीटर लिहिलेले असते ते मोकळ्या मैदानाचे. माणसाचे शरीर म्हणजे बरेचसे पाणी, आणि या लहरी पाण्यात विरतात. आमचा नोकर थान आणताना फोन आणि आमच्या मधून गेला की आवाज तुटे. त्याला आता मागून फिरायला सांगितले आहे. दुकानात लागते अंतर तीन-चार मीटर; २०० मीटरसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सभागृहात वापरतात ते हातातले बिनतारी माईक निराळे. त्यांतील बरेच यूएचएफ पट्ट्यावर चालतात. परदेशातून आलेला तसला जुना संच कोणी स्वस्तात देत असेल तर त्यावरील आकडा वाचावा. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने अशा माईकना २०१० साली बंद केला, आणि आपल्याकडे २०२२ च्या लिलावात तो जिओने मोबाईल सेवेसाठी घेतला.

एक गोष्ट आम्हाला कोणी विकणारा सांगू शकला नाही, ती धंद्यामुळेच उमगली. माईक ज्या कापडावर लावतो ते कापडही बोलते. टिश्यू, ऑर्गेंझा, कडक खळीचे सुती, यांवर क्लिप लावली की प्रत्येक हालचालीला खसखस ऐकू येते. मऊ धुतलेले सुती किंवा होजियरी सर्वांत शांत. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याच्या बाहेर असावा. दुपट्ट्याआड ठेवला तर पुन्हा तोच 'स' दबतो. दुकानात काम करणाऱ्या आमच्या मुलींना ही अडचण येते. त्यांनी माईक दुपट्ट्याच्या वरच्या घडीलाच लावावा. काही माईकना चुंबक असतो, त्याने कापडाला भोक पडत नाही.

आणि कापडाचा उपकारही आहेच. छतापर्यंत थान रचलेल्या भिंतीपुढे उभे राहिले की घुमारा शिल्लक राहत नाही. स्टुडिओवाले ज्यासाठी पैसे खर्चतात ते आपल्याकडे फुकट आहे. हौसेने काचेच्या दर्शनी भागापाशी उभे राहणाऱ्यांचा आवाज डब्यातल्यासारखा येतो. घाटकोपरावरून सांताक्रूझला उतरणारी विमाने जातात. त्यांच्यासाठी माईकमध्ये आवाज गाळण्याचे बटण असते. आम्ही ते मध्यम ठेवतो. फार चढवले की विमानाबरोबर 'स'ही गाळला जातो, म्हणजे पुन्हा आठ!

किमतीचे म्हणाल तर चार-पाचशे रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत माल आहे. के-८, के-९ अशा नावांचे स्वस्त माईक घाईच्या कामाला ठीक, पण बाजारात गर्दी वाढली की अडखळतात. रोडे, डीजेआय, हॉलीलँड यांचे संच चांगले. महागड्या संचांत माईकच्या पोटात रेकॉर्डिंग होते. पॉडकास्ट करणाऱ्याला ते कामाचे, लाईव्ह विक्रीत त्याचा उपयोग नाही. शब्द गेला तो गेला. आम्ही मधल्या भावाचा दोन माईकचा संच घेतला, आणि शिवाय बोयाचा सहा मीटर वायरचा साधा माईक गल्ल्यात ठेवला. बिनतारीची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि सहसा बदलता येत नाही. वायरवाल्याला ते दुखणे नाही. दोन माईक वापरताना 'मोनो' ठेवावे, नाहीतर एक जण एका कानात आणि दुसरा दुसऱ्या कानात बोलतो.

बिल पक्के घ्यावे. जीएसटी नोंदणी असेल तर धंद्यासाठी घेतलेल्या माईकवरील कर वजा मिळतो. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. वॉरंटीलाही बिलच लागते.

दुकानातून निघण्यापूर्वी आपल्या फोनवर, आपण विक्री करतो त्याच ॲपमध्ये, दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग करून इअरफोनने ऐकावे. आम्ही तेथे उभे राहून सात, साठ, आठ, पासष्ट, अडुसष्ट म्हणत होतो, तेव्हा शेजारचे गिऱ्हाईक हसले. पुतण्याने तर यापुढचा बंदोबस्तही केला आहे. आता भाव सांगताना तो जाड मार्करने लिहिलेला पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरतो.