चतुर्थी टळत नाही, वसुली टळते

एखादे काम लांबवल्याने आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही ते पुढे ढकलत राहणे, अशी चालढकलीची व्याख्या मानसशास्त्रात केली जाते. या व्याख्येत आळसाचा उल्लेख नाही, कारण चालढकल करणारा माणूस बहुधा रिकामा बसलेला नसतो. तो दुसऱ्या, अधिक सोप्या वाटणाऱ्या कामात बुडालेला असतो. नोकरदाराला विचारणारा साहेब असतो, मात्र स्वतःचा धंदा चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि म्हणून त्याची चालढकल बराच काळ कोणाच्या, अगदी त्याच्या स्वतःच्याही, नजरेस येत नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांतील लहान उद्योग पाहिले, तर ही चालढकल नेमकी कोणत्या कामांत दडून बसते हे स्पष्ट होते.

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत; कारखाना हा शब्द येथे घराच्या पडवीपासून मोठ्या शेडपर्यंत कशालाही लागतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ही या धंद्याची तारीख कारागीर आजारी पडला म्हणून पुढे जात नाही. उलट चांद्र पंचांगामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम लांबते. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे हंगाम अकरा दिवसांनी आखडला. तरीही रात्री जागून का होईना, मूर्तीचे काम उरकले जाते. मागे राहतात ती बिनतारखेची कामे: गेल्या हंगामाचा हिशेब, माती, रंग आणि मजुरीचे दर बदलल्यावर मूर्तीची किंमत नव्याने काढणे, आणि मूर्ती विकून झाल्यावरही पैसे न दिलेल्या विक्रेत्याकडे ते मागणे.

अशा कामांचे वागणे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९९१ मधील एका निबंधात उलगडले, आणि त्यातले उदाहरण भारतातलेच होते. येथील मुक्कामात अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या कपड्यांची एक पेटी त्यांना अमेरिकेला पाठवायची होती, आणि ती उद्या पाठवू असे रोज सकाळी ठरवण्यात त्यांचे आठ महिन्यांहून अधिक गेले. (या दोघांना पुढे २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, यावरून चालढकलीचा बुद्धीशी संबंध नसावा.) आजचा त्रास डोळ्यांसमोर ठळक असतो आणि लांबणीवर टाकण्याची किंमत रोज थोडी थोडी वाढत असल्याने जाणवत नाही, असे अकेरलॉफ यांचे विवेचन आहे. मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये त्याला मनाची बाजू जोडली: माणूस काम टाळतो तेव्हा तो त्या कामाने येणारी अस्वस्थता टाळत असतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे उधारी मागायला फोन उचलणे जड जाते, ते यामुळेच.

मात्र प्रत्येक थांबणे म्हणजे चालढकल नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते, तर शाडूची मूर्ती सावकाश वाळते आणि पावसाळी हवेत तर फारच रेंगाळते. त्यामुळे शाडूकडे वळायचे तर हंगामाचे सगळे वेळापत्रक आधी सुरू करावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, पण त्याच महिन्यात ही बंदी वर्षभर लांबवण्यात आली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांच्या कडक अंमलबजावणीचा आदेश दिला, आणि ९ जूनला प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मोकळीक देऊन नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर बंधन ठेवले. नियमच असे हेलकावे खात असताना साचे न बदलता वाट पाहणारा कारखानदार आळशी ठरत नाही. पण वाट पाहताना थोड्या मूर्ती शाडूच्या करून त्या वाळायला किती दिवस लागतात, किती तडकतात आणि नग कितीला पडतो याची नोंदही ज्याने केली नाही, त्याच्या थांबण्याला सावधपणा म्हणता येणार नाही.

उपाय म्हणून केवळ निश्चय अपुरा पडतो. संशोधक डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की स्वतः घालून घेतलेल्या मुदतींचा काही उपयोग होतो, पण बाहेरून सारख्या अंतराने घालून दिलेल्या मुदतींचा त्याहून अधिक होतो. पेणच्या धंद्यात अशा मुदती विकत घेता येतात. कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती बाहेरगावच्या रंगकाम करणाऱ्यांना हंगामाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जात असल्याने त्याहूनही आधी. अशा मागण्या आगाऊ रक्कम घेऊन स्वीकारणारा कारखानदार पैशाबरोबर मधल्या तारखाही पदरात पाडून घेतो. हिशेबासाठीही हाच मार्ग आहे: महिन्याचा एक दिवस ठरवून त्या दिवशी हिशेबनीसाला घरी बोलवावे, म्हणजे वह्या आपोआप बाहेर निघतात.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांना सुटे भाग किंवा फॅब्रिकेशनची कामे पुरवणाऱ्या लहान उद्योजकाच्या बाबतीत वसुलीची तारीख कायद्यानेच ठरवून दिली आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये भर घातल्यामुळे, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत मिळत नाही. आता स्मरणपत्र पाठवण्यात संकोच वाटण्याचे कारण उरत नाही, कारण वेळेवर पैसे देणे खरेदीदाराच्याही फायद्याचे झाले आहे. या तरतुदींचा आधार घ्यायचा तर उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, आणि माल देण्याआधीच करून ठेवणे हिताचे आहे.