विश्लेषण : आठ कोअरचा संगणक, तरी व्हिडीओ एन्कोडिंग का रेंगाळते?

छत्रपती संभाजीनगरात लग्नसराई सुरू झाली, की गुलमंडीपासून सिडकोपर्यंतच्या स्टुडिओंमधील संगणकांना उसंत नसते. चित्रीकरण दिवसभरात उरकते. पण संकलित व्हिडीओचे अंतिम एन्कोडिंग तासन्‌तास चालते. वेग वाढावा म्हणून जास्त कोअरचा महागडा प्रोसेसर घेतला जातो. वेळ मात्र अपेक्षेइतका कमी होत नाही. असे का होते?

एन्कोडिंगमध्ये नेमके काय होते?

सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने एक तासाचा फुल एचडी व्हिडीओ जसाच्या तसा साठवला, तर सुमारे २८० जीबी जागा लागेल. ती वाचवण्यासाठी २००३ मध्ये आलेले एच.२६४ हे मानक प्रत्येक चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन पाडते. फुल एचडी चित्रात असे ८,१६० चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाशी मिळताजुळता भाग आधी एन्कोड झालेल्या चित्रांत शोधायचा आणि फक्त फरक नोंदवायचा, हे एन्कोडरचे मुख्य काम. सर्वाधिक वेळ या शोधातच जातो.

हे काम सगळ्या कोअरना वाटता का येत नाही?

कारण पुढचे चित्र मागच्यावर अवलंबून असते. पैठणचे आठ विणकर आठ मागांवर बसले तर आठ पैठण्या एकाच वेळी विणल्या जातील. पण एकच पैठणी आठपट वेगाने विणून होणार नाही, कारण प्रत्येक धागा आधीच्या धाग्यालगतच बसतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये ही मर्यादा मांडली. कामाचा १० टक्के भाग वाटता येत नसेल, तर आठ कोअरवर वेग फार तर ४.७ पट वाढतो. कोअर कितीही वाढवले, तरी दहापटीपलीकडे जात नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘परम ८०००’ महासंगणकापुढेही कामाचे तुकडे कसे पाडायचे, हाच प्रश्न होता.

सॉफ्टवेअर यावर काय उपाय करते?

प्रमुख मार्ग तीन. पहिला, एका चित्राच्या आडव्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी वेगळ्या कोअरला देणे. यात पट्ट्यांमधील दुवा तुटतो आणि फाइल थोडी फुगते. दुसरा, आधीच्या चित्राचा वरचा भाग तयार होताच पुढच्या चित्राला हात घालणे. एक्स२६४ हा लोकप्रिय एन्कोडर एरवी हीच पद्धत वापरतो आणि तार्किक कोअरच्या दीडपट थ्रेड आपणहून सुरू करतो. तिसरा, संपूर्ण व्हिडीओचेच तुकडे पाडून ते स्वतंत्रपणे एन्कोड करणे आणि शेवटी जोडणे. मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्या हा मार्ग अवलंबतात.

चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीत ही अडचण नसते. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी पडद्यावर दाखवायची अशी प्रत जेपीईजी २००० पद्धतीने बनते. तिथे प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने काम कोअरमध्ये सहज वाटले जाते. फाइल मात्र बरीच मोठी होते.

तरीही कोअर रिकामे का राहतात?

एन्कोडर सक्षम असला, तरी त्याला चित्रे पुरवणारी साखळी संथ असू शकते. मूळ फाइल उलगडणे, रंगसुधारणा, आवाज मिसळणे यांपैकी एखादा टप्पा एकाच थ्रेडवर चालत असेल, तर बाकीचे कोअर वाट पाहत बसतात. एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे सर्व टप्पे समांतर चालवण्याची सोय एप्रिल २०२४ मधील ७.० आवृत्तीत आली. चित्राचा आकारही महत्त्वाचा. एचईव्हीसी मानकात ६४ बिंदू उंचीच्या ओळी धरल्या, तर ७२० बिंदू उंचीच्या व्हिडीओत केवळ १२ ओळी मिळतात. ओळीगणिक काम वाटले, तर बाराहून अधिक कोअरना एका चित्रात कामच उरत नाही.

नवा संगणक घेण्यापूर्वी काय तपासावे?

एन्कोडिंग सुरू असताना टास्क मॅनेजर उघडावा. आठ कोअर आणि १६ थ्रेडच्या संगणकावर वापर सहा टक्क्यांच्या आसपास अडकला असेल, तर एकच थ्रेड राबतो आहे. अशा वेळी आधी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि थ्रेडचे सेटिंग पाहावे. डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बदलून उपयोग नाही. वापर आधीच ९० टक्क्यांपुढे असेल, तरच जास्त कोअरवरचा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता असते. घाईच्या कामाला ग्राफिक्स कार्डमधील एन्कोडर वेगवान ठरतो. मात्र तितक्याच आकाराच्या फाइलमध्ये सावकाश चालणारा सॉफ्टवेअर एन्कोडर सहसा सरस चित्र देतो.

बिनखर्चाचा उपायही आहे. हळद, लग्न आणि स्वागत समारंभाचे व्हिडीओ एकमेकांवर अवलंबून नसतात. रॅम पुरेशी असल्यास आणि कोअर रिकामे दिसत असल्यास ते एकापाठोपाठ न लावता दोन-दोन एकदम लावावेत. एका व्हिडीओचा वेग वाढणार नाही. पण सगळे काम लवकर संपेल.