लाखमोलाचं मँडोलिन: किंमत ‘वाजवी’ आहे का?

मायामीतलं एक न्हाव्याचं दुकान. काळ १९४०च्या दशकाचा मध्य. काचेमागे एक जुनं मँडोलिन विकायला ठेवलेलं, किंमत १५० डॉलर. गिऱ्हाईक कोण? ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचे जनक बिल मन्रो! त्यांनी पैसे मोजले, मँडोलिन उचललं आणि पुढची चार-पाच दशकं आपला सगळा संसार त्याच्याच तारांवर चालवला.

माहीत आहे का, २००५ मध्ये त्याच मँडोलिनला किती मोजले गेले? ११ लाख २५ हजार डॉलर! आजच्या हिशेबात नऊ कोटी रुपयांच्या वर. आता ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचं वैभव आहे.

आणि ते जपून ठेवलेलं, करकरीत वगैरे असेल असं वाटतंय? छे! १९५०च्या दशकात ते गिब्सन कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. परत आल्यावर काम मन्रोंच्या मनासारखं नव्हतं. संतापून त्यांनी चाकूने वाद्याच्या माथ्यावरचं ‘द गिब्सन’मधलं ‘गिब्सन’ खरवडून काढलं. उरलं नुसतं ‘द’! कंपनीशी दिलजमाई व्हायला १९८० उजाडलं.

पुढचा सीन तर थेट थ्रिलरमधला. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये कोणीतरी मन्रोंच्या घरात घुसलं आणि शेकोटीच्या लोखंडी सळईने या मँडोलिनचा चक्काचूर केला. तुकडे शेकड्यांनी. काही इतके बारीक की चिमटीत धरायचे. गिब्सनचे कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी ते एकेक करून जुळवले आणि १९८६ च्या सुरुवातीला वाद्य पुन्हा मालकाच्या हातात दिलं. ते वाजलं. मंचावर, पुढची कित्येक वर्षं वाजलं!

म्हणजे नऊ कोटींत लाकूड किती आणि इतिहास किती, याचा अंदाज आला ना?

आता खरा बॉम्ब. हे मँडोलिन हाताने घडवलेलं मास्टरपीस म्हणून जगभर पूजलं जातं, पण ते आलं कुठून? फॅक्टरीतून! मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे. तिथल्या गिब्सन कारखान्यात बऱ्याच कामगारांच्या हाताखालून ते तयार झालं. मॉडेलचं नाव एफ-५, बाजारात आलं १९२२ मध्ये. आत एक लेबल आणि त्यावर लॉइड लोअर या ध्वनितज्ज्ञाची सही. मन्रोंच्या वाद्यावर तारीख आहे ९ जुलै १९२३. लोअरसाहेब पटाशी घेऊन लाकूड कोरत नव्हते. हे वाद्य आपण तपासलं, सुरात आणलं आणि पास केलं, असं ती सही सांगते. आज सही असेल तर लाख डॉलरच्या पुढचा भाव. त्याच कारखान्यातलं, त्याच काळातलं, पण सही नसलेलं मँडोलिन? भाव धाडकन खाली.

बरं, तेव्हा ही एफ-५ मँडोलिनं हातोहात खपली का? मुळीच नाही! अमेरिकेतलं मँडोलिनचं वेड ओसरलं होतं, बँजोची चलती होती. लोअर १९२४ मध्येच कंपनीतून बाहेर पडले. १९४३ मध्ये ते वारले, आणि मन्रोंच्या हातात एफ-५ गाजलं ते त्यानंतर. आपली सही एवढी महाग होणार आहे, हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते.

क्विक ब्रेक! माहीत आहे का, व्हायोलिनचा बादशहा स्ट्राडिव्हारी यानेही मँडोलिन बनवलंय? साधारण १६८० चं एक, अमेरिकेच्या साउथ डकोटातल्या नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये आहे. विवाल्डीने मँडोलिनसाठी कन्चेर्तो लिहिला. बेथोव्हेनने १७९६ मध्ये प्रागमधल्या एका काउंटेससाठी मँडोलिनच्या छोट्या रचना केल्या. वाद्य छोटं, पण ओळखी मोठ्या!

चला, पुन्हा पैशांकडे. आजचा नावाजलेला कारागीर एका एफ-५ चे वीस हजार डॉलर सहज घेतो. देणारे देतात, वर रांगेत थांबतात. कशाचे देतात?

तासांचे. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. त्या सगळ्यांचा मिळून ताण भरतो सत्तर-ऐंशी किलो. म्हणजे एक अख्खा माणूस त्या चिमुकल्या वाद्याला लटकलाय! हा भार पेलते स्प्रूसच्या लाकडाची तबली, म्हणजे वरची फळी. ती मधे चारपाच मिलिमीटर आणि कडेला त्याहून पातळ. जाड राहिली तर आवाज गुदमरतो, पातळ झाली तर वाद्य बसतं. ही खरीखुरी तारेवरची कसरत! कारागीर तबली कोरतो, बोटाने टकटक करतो, कान देतो, पुन्हा कोरतो. प्रत्येक फळी वेगळी. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या बोलत नाहीत. एक एफ-५ पूर्ण व्हायला दीडदोनशे तास जाणं अगदी नॉर्मल. तासांचा हिशेब मांडा, लाकडाचे पैसे वजा करा, वर्कशॉपचं भाडं वजा करा. या कारागिरांची किंमत मला अजिबात लुटीची वाटत नाही. उलट हे लोक बंगले बांधत नाहीत याचंच नवल वाटतं.

पण, पण, पण! ते सगळे तास सुरांसाठी जात नाहीत. एफ-५ च्या खांद्यावर एक सुंदर नक्षीदार वेटोळं असतं. ‘स्क्रोल’ म्हणतात त्याला. ते कोरायचं, त्याची नाजूक कडपट्टी वाकवायची, बसवायची, घासायची. मेहनत प्रचंड. आवाजात फायदा? जवळपास शून्य! त्याच कारागिराचं ‘ए’ मॉडेल, म्हणजे थेंबाच्या आकाराचं, वेटोळं नसलेलं मँडोलिन, बऱ्याच कमी पैशांत मिळतं आणि डोळे मिटून ऐकलं तर फरक सांगताना भलेभले गडबडतात. स्क्रोल सुंदर आहे यात वाद नाही. मात्र पैसे मोजून आणलेले असतील, तर ‘ए’ घ्या. मी तरी हेच सांगेन, आणि ठासून सांगेन.

गंमत बघा, लोअरची सही असलेली एफ-५ अनेक आहेत, पण साध्या थेंबाकाराचं ए-५ माहीत आहे ते फक्त एक!

आता डोळे मिटूनच ऐकायचं म्हटलं, तर शास्त्रज्ञांनी ते केलंय. २०१०, इंडियानापोलिस. २१ व्हायोलिनवादक. डोळ्यांवर वेल्डरचे गडद गॉगल! जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या पट्टीला अत्तर! समोर सहा व्हायोलिन: तीन नवी आणि तीन जुनी, म्हणजे दोन स्ट्राडिव्हारी आणि एक ग्वार्नेरी. निकाल? जुनं कोणतं, नवं कोणतं, हे वादकांना धड ओळखता आलं नाही आणि आवडीत शेवटचा नंबर लागला एका स्ट्राडिव्हारीचा. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांवर पुन्हा असाच प्रयोग झाला. दहापैकी सहांनी नवं व्हायोलिन निवडलं.

गिटारवाल्यांनी तर लाकडाच्या नावाचीच हवा काढली. इंग्लंडमध्ये सहा गिटार बनवले, बाकी सगळं एकसारखं, फक्त मागची आणि बाजूची लाकडं वेगवेगळी. दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुडही होतं आणि स्वस्तातली लाकडंही. ५२ गिटारवादकांनी गॉगल लावून ते वाजवून पाहिले. २०१८ मध्ये निकाल छापून आला: पसंतीत लाकडाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून दुकानदार मागच्या फळीच्या रेघांचं गुणगान करू लागला की खुशाल कौतुक करा, जादा पैसे मात्र तबलीच्या कोरीवकामासाठी राखून ठेवा.

लोअरच्या काळातली एक आयडिया तर ऐकाच. काही मँडोलिनांच्या पोटात ‘व्हिर्झी’ नावाची लाकडी चकती लटकवलेली असायची. हेतू आवाज श्रीमंत करण्याचा! पुढे कितीतरी मालकांनी ती उचकटून बाहेर काढून टाकली.

मग स्वस्तातलं कसं असतं? इथे गेल्या काही दशकांत क्रांतीच झालीय. चीनमधल्या कारखान्यांत आता कोरीव तबलीची खरी, सॉलिड लाकडाची मँडोलिनं बनतात आणि हजार डॉलरच्या आसपास मिळतात. पूर्वी या पैशांत प्लायवूड गळ्यात पडायचं. शिवाय बड्या ब्रँडच्या वर्कशॉपमध्येही ढोबळ कोरीवकाम संगणकावर चालणाऱ्या यंत्राने होतं, माणसाचा हात शेवटच्या मिलिमीटरला लागतो. ‘हँडमेड’ म्हणजे कुठपर्यंत हँड, हा प्रश्न विक्रेत्याला बिनधास्त विचारा!

आणि एक गोष्ट जिच्याकडे नवखे हमखास कानाडोळा करतात: सेटअप. घोडी तबलीवर नीट टेकली नसेल, पडदे समतल नसतील, तारा उंच असतील, तर वीस हजारांचं वाद्यही रडतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे कोणाला पटवून द्यावं लागणार नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी काढणाऱ्याच्या, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवणाऱ्याच्या, हातसफाईने तोच तंबोरा सकाळी बोथट आणि दुपारी भरजरी वाजतो. मँडोलिनच्या घोडीचंही तसंच. म्हणून हजार डॉलरचं वाद्य आणि वर जाणकाराकडून चोख सेटअप, ही जोडी मला मधल्या किमतीच्या दिखाऊ मालापेक्षा कितीतरी सरस वाटते.

आता हिट परेड! माहीत आहे का, आर.ई.एम.चं ‘लूझिंग माय रिलिजन’ कसं जन्मलं? पीटर बक यांनी नुकतंच मँडोलिन विकत घेतलं होतं आणि ते शिकता शिकता ही धून हाती लागली. गाण्याला दोन ग्रॅमी! आणि रॉड स्टुअर्टचं १९७१ चं ‘मॅगी मे’? त्यातलं अजरामर मँडोलिन वाजवणाऱ्या रे जॅक्सन यांना मानधन मिळालं १५ पौंड. अल्बमवर त्यांचं नावसुद्धा नाही. वाद्याची किंमत वाढते, वादकाची का नाही?

आपल्याकडचं कौतुक त्याहून भारी. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर राग वाजवायचे, पडद्यांच्या वाद्यातून मींड काढायचे! लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादक. ‘दिलवाले दुल्हनिया’मधल्या राजच्या हातात काय होतं? मँडोलिन! आणि मुंबईच्या मराठा मंदिरात तो सिनेमा १९९५ पासून वर्षानुवर्षं वाजत राहिला. आंध्रच्या पालकोलचे यू. श्रीनिवास तर सगळ्यांवर कडी! त्यांनी आठ तारांच्या जागी पाच एकेरी तारा घेतल्या, मँडोलिन इलेक्ट्रिक केलं आणि त्यावर अस्सल कर्नाटक संगीत उभं केलं. १९९८ मध्ये पद्मश्री. स्क्रोल नाही, लोअरची सही नाही, पोकळ पोटसुद्धा नाही! त्यांच्या ध्वनिमुद्रणांनी माझं मत पक्कं केलं: वीस हजार डॉलर वाजवी आहेत, पण रोज तासन्‌तास वाजवणाऱ्याला. कारण महागड्या वाद्याची खरी मजा त्याच्याच बोटांना कळते. हलकासा स्पर्श झाला तरी वाद्य लगेच उत्तर देतं, मंद्र सूर गढूळ होत नाहीत, वरचे किंचाळत नाहीत. भिंतीवर टांगायचं असेल तर तेवढ्यात सुंदर चित्र येईल.

जाता जाता शेवटचा मसाला. मँडोलिन छेडायचं पिक किती रुपयांचं असतं, माहीत आहे का? जुने वादक कासवाच्या कवचाचं वापरायचे. त्या कासवांच्या व्यापारावर १९७०च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि ती हवीच. मग आलं ‘ब्लूचिप’: औद्योगिक प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा, किंमत ३५ डॉलरच्या वर. म्हणजे तीन हजार रुपये! वेडेपणा? वापरून बघा. लाखाच्या मँडोलिनचं बुकिंग करण्याआधी घरातल्या वाद्यावर नव्या तारा चढवा, सेटअप करून घ्या, चांगलं पिक आणा. आणि दुकानात महागडं मँडोलिन तपासायला जाल तेव्हा तेच पिक खिशात न्या, विक्रेत्याला किमतीचं लेबल झाकायला सांगा, आणि मगच पहिली तार छेडा.