गिऱ्हाईक का वळते? गिऱ्हाइकालाच बोलू द्या!

माल चोख, भाव वाजवी, तरीही गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात का जाते? या प्रश्नाला आपल्या पेठेत ठरलेली उत्तरे आहेत : महागाई वाढली, मशीनच्या मालाने मारले, लोकांना पारख राहिली नाही. यातले खरे किती आणि मनाची समजूत किती, हे सहसा कोणी तपासत नाही. अंदाजावर सूत भरले जाते, कर्ज उचलले जाते. अंदाज चुकला की हंगामाचे भांडवल अडकते आणि पहिली झळ कारागिराच्या मजुरीला बसते.

मोठ्या कंपन्या निवडक गिऱ्हाइकांना एकत्र बसवून बोलते करतात. यालाच ‘फोकस ग्रुप’ अर्थात गटचर्चा म्हणतात. लहान धंद्यालाही ती परवडते. चहा-नाश्त्याचा खर्च आणि ऐकून घेण्याची तयारी हवी.

बटणाने न सांगितलेले

१९४१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड रेडिओ कार्यक्रमांची पारख करीत होते. आवडले तर श्रोत्याने हिरवे बटण दाबायचे, नावडले तर तांबडे. कोणता भाग नावडला ते कळे. का, ते कळत नसे. ते ‘का’ श्रोत्यांशी बोलून काढण्याची शिस्तबद्ध रीत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी बसवली.

नुसते आकडे फसवतातही. १९८५ मध्ये कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन नवे पेय बाजारात आणले. चवीत ते सरस ठरले होते. जुन्या पेयाशी लोकांचा जीव किती जडला आहे, हे मात्र चाचणीला कळले नाही. ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले.

आधी आखणी

समजा, छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) एका हिमरू विणकराला ठरवायचे आहे, की शालीच विणाव्यात की स्टोलही काढावेत. प्रथम प्रश्न एकच ठरवावा : स्थानिक तरुण मुली हिमरू का घेत नाहीत?

मग सहा ते आठ जणींचा गट जमवावा. नातेवाईक आणि रोजची ओळखीची माणसे टाळावीत. ती तोंडावर नावे ठेवणार नाहीत. गट सारख्यांचा असावा. सासूपुढे सून, मालकापुढे कामगार आणि घाऊक व्यापाऱ्यापुढे किरकोळ दुकानदार मोकळे बोलत नाही. म्हणून कॉलेजच्या मुली वेगळ्या, लग्नाच्या आहेरासाठी खरेदी करणाऱ्या गृहिणी वेगळ्या, दुकानदार वेगळे. एका बैठकीवर विसंबू नये, तीन-चार घ्याव्यात. नवे काही निघेनासे झाले की थांबावे.

बैठकीच्या वेळी

जागा दुकानाबाहेरची, वेळ दीड तासापर्यंत. चर्चा मालकाने स्वतः चालवू नये. आपल्या मालाला नाव ठेवले की तो खुलासा करू लागतो आणि समोरची माणसे गप्प होतात. एखाद्या शिक्षिकेला विनंती करावी. दुसऱ्या व्यक्तीने टिपणे घ्यावीत. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी परवानगी घ्यावी आणि कोणाचेही नाव बाहेर जाऊ देऊ नये.

सहा-सात प्रश्न पुरेत, तेही हो-नाहीत न संपणारे. ‘ही शाल आवडली का?’ असे विचारले तर शिष्टाचाराने ‘हो’ येईल. ‘शेवटची ओढणी घेतलीत तेव्हा काय काय पाहिलेत?’ असे विचारावे. शाल हातात द्यावी. उत्तरानंतर क्षणभर गप्प राहावे. पुष्कळदा खरे बोलणे त्यानंतर येते. एकच जण बोलत राहिला तर ‘इतरांना काय वाटते?’ म्हणून गप्प बसलेल्याकडे वळावे. बैठकीत माल मात्र विकू नये.

टिपणे त्याच दिवशी लिहून काढावीत. कोणता मुद्दा प्रत्येक गटात निघाला, कशावर मतभेद झाला, हे पाहावे. कदाचित अडचण भावाची नसेलच. शाल धुवायची कशी, किंवा अस्सल हिमरू ओळखायचा कसा, हेच ठाऊक नसेल. तसे असेल तर नव्या मागाआधी सोबत द्यायची एक चिठ्ठी छापावी लागेल!

एक सावधगिरी. आठांपैकी सहा जणींना स्टोल आवडला म्हणजे शहरातील पाऊणशे टक्के गिऱ्हाइकांना आवडला, असा हिशेब मांडू नये. गटचर्चा कारण दाखवते, संख्या नव्हे. म्हणून आधी थोडा माल काढून विकून पाहावा, कर्जाचा विचार त्यानंतर.