बाळाला शी होत नाही? प्रूनचा रस केव्हा आणि किती

तासगाव भागातील एका वाचक भगिनीने विचारले आहे की, त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला तीन-तीन, चार-चार दिवस शौचास होत नाही आणि होते तेव्हा तो रडून घर डोक्यावर घेतो. पुण्याहून आलेल्या आत्याने प्रूनच्या रसाची बाटली आणून दिली आहे. ती द्यावी का, किती द्यावी आणि त्याची सवय तर लागणार नाही ना? हा प्रश्न एका घरातला नाही. माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच माता तरी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

प्रून म्हणजे वाळवलेला प्लम. बिर्याणीत घालतात तो आंबट आलुबुखार याच कुळातला. मात्र प्रून ज्या जातीपासून करतात ती अधिक गोड आणि गराची असते. कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधील आजँ शहराचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पाश्चात्त्य देशांत प्रून म्हटले की म्हाताऱ्यांचे पोट साफ करणारे फळ असे समीकरण इतके पक्के झाले होते की, २००० च्या सुमारास अमेरिकेतील बागायतदारांनी त्याला 'वाळवलेला प्लम' असे नाव लावण्याची सरकारी परवानगी मिळवली. फळ तेच, नाव तेवढे तरुण!

त्यात औषधी काय आहे? मुख्य घटक सॉर्बिटॉल. हा साखरेसारखाच गोड पदार्थ, पण लहान आतड्यात तो पुरता शोषला जात नाही. उरलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो आणि आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो. डॉक्टर लॅक्ट्युलोज नावाचे पातळ औषध देतात, त्याचेही काम याच तत्त्वावर चालते. १०० ग्रॅम प्रूनमध्ये सुमारे १५ ग्रॅम सॉर्बिटॉल आणि ७ ग्रॅम चोथा असतो. रसात सॉर्बिटॉल १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या आसपास, आणि चोथा गाळण्यातच गेलेला. म्हणून माझे मत असे की, चावून खाणाऱ्या मुलाला बाटलीतल्या रसापेक्षा भिजवलेले फळ द्यावे. २०११ साली अमेरिकेत आयोवा येथे ४० प्रौढ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात प्रूनचा गुण इसबगोलापेक्षा सरस ठरला होता. मात्र ते रुग्ण प्रौढ होते. लहान मुलांच्या बाबतीत आपण मुख्यतः अनुभवावर चालतो, हे लक्षात असावे.

आता प्रमाण. सहा महिन्यांच्या आतील बाळाला प्रून, रस, मनुक्याचे पाणी यांतले काहीही आपल्या मनाने देऊ नये. केवळ आईच्या दुधावरचे बाळ पाच-सात दिवस शी करत नाही आणि मग एकदम मऊ, पिवळी शी करते, हे पुष्कळदा नैसर्गिकच असते. बाळ पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल तर घाबरू नये. शी करताना बाळ लालबुंद होऊन कुंथते म्हणजे मलावरोध नव्हे. मळ कडक खड्यांसारखा असेल तरच मलावरोध म्हणावे.

वरचे अन्न सुरू झाल्यानंतर, सहा महिने ते एक वर्ष या वयात, बी काढून शिजवलेल्या प्रूनचा गाळलेला गर एक-दोन चमचे पुरे. रस देण्याची वेळ आलीच तर डॉक्टरांना विचारून, ६० मिलिलिटरपर्यंत, तितकेच उकळून गार केलेले पाणी मिसळून, वाटी-चमच्याने. एरवी फळांचे रस वर्षाच्या आत पाजूच नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली सांगितले आहे, आणि ते मला पटते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रात्री भिजवलेली दोन-तीन प्रून सकाळी कुस्करून द्यावीत किंवा दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर रस. पाच वर्षांपुढे चार-पाच प्रून चालतात. सुरुवात निम्म्याने करावी, कारण जास्त झाल्यास पोट फुगते, मुरडा येतो आणि जुलाब होतात. अख्खे प्रून किंवा अख्खा मनुका चार वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये, घशात अडकतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला प्रून देऊ नयेत, त्यांत पोटॅशियम भरपूर असते. सवय लागण्याची भीती मात्र बाळगू नये. प्रून आतड्याला आळशी करत नाही.

प्रून महाग पडतात, आणि गावात मिळतीलच असे नाही. मग आपल्याच जिल्ह्यातला बेदाणा किंवा काळा मनुका का नको? जरूर द्यावा, पण एक फरक समजून. मनुक्यात सॉर्बिटॉल जवळजवळ नसते. त्याचा गुण चोथ्याचा आणि तोही प्रूनच्या निम्म्याहून थोडा अधिक. पुष्कळ घरांत मनुके भिजवून नुसते पाणी पाजतात आणि मनुके फेकतात किंवा आजोबा खातात. चोथा आजोबांकडे गेला, बाळाला उरले साखरेचे पाणी! बिया काढून मनुका कुस्करूनच द्यावा. सॉर्बिटॉल हवे असेल तर नासपती उत्तम. पेरू, पपई, सालीची मुगाची डाळ, भाकरी यांनीही काम होते. उलट दिवसभर दुधाची बाटली आणि बिस्किटे यांवर वाढणाऱ्या मुलाला कितीही प्रून द्या, उपयोग बेताचाच.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल शी रोखून धरू लागते. कोपऱ्यात जाऊन पाय आवळते, टाचा उंच करते; आईला वाटते ते जोर लावते आहे, प्रत्यक्षात ते अडवत असते. अडलेल्या मळातले पाणी शोषले जाऊन तो आणखी कडक होतो. पुढे आतडे ताणले जाते, जाणीव बोथट होते आणि खड्यांच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डीला लागतो. माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आणला होता. तीन आठवडे त्याला जुलाब थांबवण्याचे औषध चालू होते. शाळेत मुले चिडवत, घरी 'मुद्दाम करतो' म्हणून मार बसे. पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला खडेच खडे. तो मुद्दाम काहीच करत नव्हता. त्याला कळतच नव्हते.

अशा वेळी प्रूनचा रस देऊ नये. पुढचा रस्ता बंद असताना मागून पाणी सोडल्यासारखे होते. पोट फुगते आणि कळा वाढतात. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आतडे रिकामे करावे लागते आणि नंतर मळ मऊ ठेवणारे औषध काही महिने द्यावे लागते. त्या मुलाला आठ महिने दिले. बरे वाटले म्हणून पंधरा दिवसांत औषध थांबवणारे पालक पुन्हा येतात. सोबत सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसवावे, कारण जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. कमोड असेल तर पायाखाली पाट द्यावा. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. शाळेतला संडास घाण म्हणून मुली दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत, तेही विचारून घ्यावे.

साबणाची कांडी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल हे उपाय रोजचे करू नयेत. गुदद्वार आधीच चिरलेले असेल तर कांडीने भीती दुप्पट होते.

आणि पुढील गोष्टींत घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये : हिरवी उलटी, ताठ फुगलेले पोट, शौचातून बरेच रक्त, पायांत अशक्तपणा. वजन वाढत नसेल तरीही लवकर दाखवावे. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती असे आठवत असेल, तर मूल आज कितीही मोठे असो, ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जातंतूंच्या पेशी नसण्याचा एक आजार असतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते.