उपमुख्यमंत्रिपदाचे वजन : ग्वाल्हेरच्या छावणीपासून गोव्यापर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 'शिंदे की छावनी' ही वस्ती आहे. शिंदे सरदारांच्या फौजेची आठवण तिच्या नावातच आहे. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी याच वस्तीत झाला. पुढे त्यांच्याच मंत्रिमंडळात, जून २००२ मध्ये, लालकृष्ण अडवाणी उपपंतप्रधान झाले. मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या पदाचा खरा स्वभाव ओळखायचा तर ग्वाल्हेरच्या १९६७ मधील राजकारणाकडे वळावे लागते. गोव्याने २०१९ मध्ये जे अनुभवले, त्याची पूर्वचिन्हे तेथे सापडतात.

राज्यघटना काय म्हणते?

राज्यघटनेच्या १६३ आणि १६४ या कलमांत मुख्यमंत्री व मंत्री यांचाच उल्लेख आहे. उपमुख्यमंत्री हा शब्द कोठेही नाही. १९८९ मध्ये देवीलाल यांनी 'उपपंतप्रधान' म्हणून शपथ घेतली, तेव्हा ती न्यायालयात आव्हानित झाली. हा शब्द केवळ वर्णनात्मक आहे, शपथ मंत्रिपदाचीच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांविरुद्धची याचिका फेटाळतानाही न्यायालयाने हेच सूत्र कायम ठेवले. उपमुख्यमंत्री हा सर्वप्रथम मंत्रीच असतो. त्याचे अधिकार त्याच्याकडील खात्यांपुरते असतात आणि मुख्यमंत्रिपद रिक्त झाल्यास त्यावर त्याचा आपोआप हक्क निर्माण होत नाही.

१९६७ चे गणित

१९६६ मध्ये ग्वाल्हेरच्या विद्यार्थी आंदोलनावर झालेला गोळीबार आणि मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी वाढलेले मतभेद यांमुळे राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसबाहेर पडल्या. १९६७ च्या निवडणुकीत २९६ सदस्यांच्या मध्य प्रदेश विधानसभेत काँग्रेसला १६७, तर जनसंघाला ७८ जागा मिळाल्या. काँग्रेसचे बहुमत स्पष्ट होते. तथापि काही महिन्यांतच गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ आमदार फुटले आणि जुलैमध्ये मिश्र सरकार कोसळले.

राजमातांच्या पुढाकाराने संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. त्यात सर्वांत मोठा घटक जनसंघाचा होता. परंतु मुख्यमंत्रिपद मिळाले ते फुटीर गटाच्या गोविंद नारायण सिंह यांना. जनसंघाचे वीरेंद्रकुमार सखलेचा उपमुख्यमंत्री झाले. कारण उघड होते. ते ३६ आमदार परत फिरले असते, तर ७८ जणांचे संख्याबळ निरुपयोगी ठरले असते. ज्यांच्यावाचून सरकार टिकणार नव्हते त्यांना पहिले पद गेले. ज्यांचा वाटा नाकारता येत नव्हता त्यांना दुसरे.

मार्च १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह यांनी राजीनामा दिला. उपमुख्यमंत्री बढती घेतील, असे सामान्य तर्क सांगतो. प्रत्यक्षात राजा नरेशचंद्र सिंह मुख्यमंत्री झाले आणि अवघ्या १३ दिवसांत तेही पायउतार झाले. काँग्रेस सत्तेवर परतली.

शिडी की अखेरचा थांबा?

सखलेचा यांना मुख्यमंत्रिपद मिळाले ते जानेवारी १९७८ मध्ये, जनता पक्षाच्या राजवटीत. कैलाश जोशी यांच्यानंतर आलेले हे पद त्यांनी सुमारे दोन वर्षे सांभाळले. म्हणजे उपमुख्यमंत्रिपदाने त्यांना राज्यात ओळख दिली. वारसाहक्क दिला नाही. १९८० मध्ये अर्जुन सिंह यांच्यासमवेत उपमुख्यमंत्री झालेले शिवभानु सिंह सोळंकी किंवा १९९८ नंतरच्या दिग्विजय सिंह सरकारातील जमुनादेवी यांना मुख्यमंत्रिपद लाभले नाही. डिसेंबर २०२३ पासून मध्य प्रदेशात जगदीश देवडा व राजेंद्र शुक्ल असे दोन उपमुख्यमंत्री आहेत. पद दोघांत विभागले की प्रदेश आणि समाज यांचा समतोल साधता येतो. त्याच वेळी एकच प्रबळ दावेदार उभा राहण्याची शक्यताही कमी होते.

गोव्याचा अनुभव

नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर दिल्लीला गेले, तेव्हा फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री होते. मुख्यमंत्री झाले लक्ष्मीकांत पार्सेकर. मार्च २०१९ मध्ये पर्रीकरांच्या निधनानंतर डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी मध्यरात्रीनंतर झाला. त्या सरकारात मगोचे सुदिन ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई हे दोन उपमुख्यमंत्री होते. मगोचे दोन आमदार भाजपमध्ये जाताच मार्चअखेरीस ढवळीकर यांना वगळण्यात आले आणि त्यांच्या जागी मनोहर आजगावकर आले. जुलैमध्ये काँग्रेसचे १० आमदार भाजपमध्ये दाखल झाले. सरदेसाई गेले, चंद्रकांत कवळेकर आले. चार महिन्यांत चार उपमुख्यमंत्री झाले. आजगावकर आणि कवळेकर २०२२ च्या निवडणुकीत पराभूत झाले. त्या निवडणुकीनंतर ढवळीकर मंत्रिमंडळात परतले, पण केवळ मंत्री म्हणून. पाठिंब्याची गरज बदलली, तसे पदही नाहीसे झाले.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा महत्त्वाची आहे. ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार ४० सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह कमाल १२ मंत्री असू शकतात आणि उपमुख्यमंत्रीही त्यातच मोजला जातो. देण्याजोगी मंत्रिपदे मोजकी असली की बिरुदांची किंमत वाढते.

म्हणून एखादा नेता उपमुख्यमंत्री झाल्याची वार्ता येते, तेव्हा मतदाराने दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्याकडे कोणती खाती आली, आणि त्याचे आमदार वजा केले तर सरकार उभे राहते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याचे अधिकार सांगते, दुसऱ्याचे उत्तर त्याची मुदत.