तुकोबांच्या पुलावरून

ठाकुर्लीहून कल्याणकडे जाणारी लोकल सुटली की पुढचंच स्टेशन कल्याण. गाडीतल्या गर्दीत सहसा कुणाच्या मनात येत नाही, पण मराठी ख्रिस्ती कवितेचा सर्वांत मोठा कवी लहानपणी या कल्याणात शिकला. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, दापोली तालुक्यातलं करजगाव. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण कल्याणला झालं. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत काव्याचं अध्ययन. असा हा चित्पावन ब्राह्मण घरातला मुलगा १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो, हा मराठी समाजाला बसलेला मोठा हादरा होता. पण त्याच टिळकांनी पुढे बावीस वर्षांनी घेतलेलं वळण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त्याची चर्चा मात्र कमी होते.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला ख्रिस्ती धर्म तसा नवा नाही. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ इथल्या ख्रिस्ती वस्तीचा आणि तिच्या बिशपचा उल्लेख केला आहे. ते ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा वास्को द गामाच्या येण्याला पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. तरीही इथल्या लोकस्मृतीत हा धर्म आला तो फिरंग्यांच्या गलबतातून आणि वसईच्या किल्ल्यातून. पुढे इंग्रजी अमलात त्याच्या अंगावर मिशनचा कोट चढला. ख्रिस्ती झालेल्या मराठी कलावंतापुढचा पेच हाच होता. देव आपलासा वाटत होता, त्याचा पोशाख मात्र परका होता.

टिळकांची सुरुवात झाली ती आगगाडीत. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात एका गोऱ्या धर्मोपदेशकाशी गप्पा रंगल्या आणि त्याने जाताना ‘नवा करार’ हाती दिला. टिळक तेव्हा सगळ्या धर्मांना तपासून पाहत होते, स्वतःचा एखादा नवा पंथ काढण्याचेही विचार डोक्यात होते. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले आणि तिथे गुंतले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत बाप्तिस्मा. त्याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ही सगळी हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत आहे, तीही कडवटपणाचा लवलेश नसलेल्या मराठीत.

अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये टिळकांनी काम केलं, ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सांभाळलं, बालकवींना मुलासारखं घरात ठेवून घेतलं. त्या काळच्या मराठी उपासनेतली बरीच पदं इंग्रजीवरून आणलेली, चालीही तिकडच्याच. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हाती घेतलं. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरला आधीपासून होती, टिळकांनी तिला काव्याचं बळ दिलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे मज्जाव नव्हता. येशूला गुरू मानणं पुरेसं होतं. मिशनमधल्या अनेकांना हे पचणारं नव्हतं. कामाला दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

दरबार मोडला, पण त्यातली कल्पना एका इंग्रजाने उचलली. जॅक विन्स्लो हा अँग्लिकन पाद्री १९१४ मध्ये भारतात आला आणि नगर जिल्ह्यात काम करू लागला. टिळकांचा त्याच्यावर खोल ठसा होता. १९२३ मध्ये त्याने टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. त्याच्या एक वर्ष आधी त्याने ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. खादी, जमिनीवर बसून साधं जेवण, गोऱ्या-काळ्यांची एकच पंगत. १९२७ मध्ये संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला व्हेरियर एल्विन भारतात पहिल्यांदा आला तो याच संघात. ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम तो हाच.

याच आश्रमात १९३०च्या दशकात एक गोवेकर चित्रकार मुक्कामाला आला. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, सांत इस्तेव्ह बेटावरच्या कॅथलिक घरातला. वैद्यकीय शिक्षण सोडून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, तिथली युरोपीय वळणाची तालीम मानवेना म्हणून शांतिनिकेतन गाठलं. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. अवनींद्रनाथांनी सल्ला दिला तो परतीचा: गोव्याला जा, तिथली चर्चं रंगव.

तो परतला आणि मरियमेला साडी नेसवली. सावळी, अनवाणी, इथल्याच एखाद्या घरातली बाई वाटावी अशी. रंग लावायचा, कागद पाण्याने धुवायचा, वाळला की पुन्हा रंग, पुन्हा पाणी. या बंगाली पद्धतीत कडा विरघळतात आणि रंग कागदात मुरतो. युरोपीय तैलचित्रांतल्या गुलाबी गालांच्या मरियमेला सरावलेल्या पोर्तुगीज गोव्याला हे सोसलं नाही. टीका इतकी झाली की फोन्सेकाला गोवा सोडावा लागला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांच्यासारखे मोजके लोक पाठीशी राहिले. कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकन आश्रमात, आणि त्या आश्रमामागे प्रेरणा होती एका मराठी कवीची. पुढे पत्नी आयव्ही यांचाच चेहरा त्याच्या मरियमांना लाभला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) स्थानिक भाषेला आणि कलेला उपासनेत मोकळी वाट दिली. फोन्सेका १९६७ मध्ये गेला. ज्या चित्रांसाठी त्याला गाव सोडावं लागलं, त्यांचा मोठा संग्रह पुढे गोव्यातच पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोहोचला.

कलावंत श्रद्धेकडे परतला म्हटलं की आपल्यापुढे चर्चच्या दाराशी गुडघे टेकलेला माणूस उभा राहतो. टिळक आणि फोन्सेका यांचा अनुभव उलट आहे. एकाने मिशनचा पगार सोडला, दुसऱ्याने गाव सोडलं, आणि दोघांचीही श्रद्धा त्यानंतर अधिक घट्ट झाली, कारण ती अभंगात आणि साडीच्या निऱ्यांत उतरली. परकेपणाचा आरोप दोन्हीकडून झाला. हिंदू समाजाने टिळकांना धर्म सोडला म्हणून दूर लोटलं, ख्रिस्ती गोव्याने फोन्सेकाला धर्म बिघडवला म्हणून. दोन्ही आरोपांना काळाने उत्तर दिलं आहे. मराठी उपासनेत टिळकांची पदं आजही गायली जातात, आणि साडीतली मरियम आता सहसा कुणाला खटकत नाही.